शनिवारची रात्र, चर्चगेट, 1971

साल 1971. मुंबईत वाकोल्यात सेंट अँथनी चर्चपाशी तुम्ही मागून आणलेल्या कोटात घामाघूम उभे आहात. शेजारचे अंकल ट्रंपेटची पेटी काखेत मारून येतात. दिवसभर ताडदेवच्या स्टुडिओत एका हिंदी गाण्याचा एकच तुकडा त्यांनी घोटलाय. पडद्यावर त्यांचं नाव येणार नाही. (त्यांच्यासारख्या गोवेकर वादकांना वजा करा आणि त्या काळचं सिनेसंगीत ऐकून बघा!)

सांताक्रूझहून लोकल, चर्चगेटला अॅस्टोरिया हॉटेल, आणि तिथला ‘व्हेनिस’ नाइटक्लब. अंकल तुम्हाला मागच्या दाराने आत घेतात. "भिंतीला चिकटून राहा, बाबा. बोलू नकोस."

मंचावर मडगावचा क्रिस पेरी. ट्रंपेटही त्याचा, सॅक्सोफोनही. त्याची मान हलते आणि लोर्ना कोर्देरो माइकसमोर येते. वय पंचविशीच्या आत-बाहेर. गोव्यात तिला कोकिळा म्हणतात, पण या आवाजाला ती उपमा शोभत नाही. किंचित खरखरीत, पोटातून येणारा आवाज. ठेका पुढे निघून जातो, ती शब्द मुद्दाम मागे ठेवते आणि ऐन वेळी समेवर आणून आदळते. आपल्या बैठकीच्या लावणीत रुळलेल्या कानाला हा खेळ लगेच कळतो. पितळी वाद्यं एकदम उसळतात, तरी ती त्यांच्यावर चढून ऐकू येते. इथे इंग्रजी गाणी आणि जॅझ. दारुड्यावरचं तिचं कोकणी ‘बेबदो’ मात्र वाकोल्यातल्या रेकॉर्डवर तुम्ही झिजेस्तोवर ऐकलंय.

आता वर्षं भराभर सोडा. पेरी-लोर्नाची जोडी फुटते आणि लोर्ना गाणंच थांबवते. पेरी 1977 मध्ये ‘भुयारांतलो मनीस’ हा रंगीत कोकणी सिनेमा काढतो. ती वीसेक वर्षं गप्प. चाली त्याच्या होत्या हे कबूल, पण फुटण्याची किंमत तिनेच जास्त मोजली.

1995 च्या डिसेंबरात गोव्यात मिरामारला उतरा. संगीतकार रॉनी मोन्सेरातच्या खटपटीने ‘हॅलो लोर्ना’ हा कार्यक्रम उभा राहिलाय, गर्दी मावत नाही, आणि पन्नाशीला टेकलेली ती पुन्हा गाते.

2014 अखेरीस आलेल्या बार्द्रॉय बारेटोच्या ‘नाचूं या कुंपासार’ या कोकणी सिनेमाने पेरी-लोर्नाची गाणी नव्या पिढीला दिली, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तो जरूर पाहा. पण आधी एचएमव्हीच्या रेकॉर्डवरची जुनी लोर्ना ऐका.