मेजर गिल: ब्रशपासून कॅमेऱ्यापर्यंत

मागच्या महिन्यात अकोल्याच्या मित्राचा फोन आला. "नोकरी सोडतो अन् लँडस्केप फोटोग्राफी करतो. करिअर आहे का रे त्यात?" मी पण त्याच्यासारखाच कोड लिहिणारा, काय सांगणार? मग त्याला रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला.

गिल मद्रास आर्मीतला अधिकारी. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याला पाठवलं. काम काय, तर लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मूळ आकारातल्या नकला तैलरंगात करायच्या. हुद्दा फौजेचा, काम चित्रकाराचं. पारूची गोष्ट तुम्ही 'अजिंठा' सिनेमात पाहिली असेल, म्हणून ती सोडतो.

जवळपास वीस वर्षं त्यानं हे काम केलं. चित्रं लंडनला गेली आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. डिसेंबर 1866 मध्ये तिथं आग लागली आणि बहुतेक चित्रं जळाली. जी मोजकी तिथं टांगलेली नव्हती, तीच वाचली. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअपच नव्हता! पुढे 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तेच काम पुन्हा केलं. त्यातलीही बरीच चित्रं 1885 च्या आगीत गेली.

पण गिलनं 1850 च्या दशकातच कॅमेरा हातात घेतला होता. त्या काळी फोटो म्हणजे काचेवर रसायन लावा, ती ओली असतानाच फोटो घ्या आणि लगेच अंधारात धुवा. उन्हाळ्यात हे काय दिव्य असेल, विचार करा! गिल स्टिरिओ फोटो काढायचा. जरा वेगळ्या कोनातले दोन फोटो दोन डोळ्यांनी पाहिले की खोली दिसते. 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या अशा शंभर फोटोंचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. विषय होता स्थापत्य आणि निसर्ग. लोणारच्या देवळांचेही फोटो त्यानं काढले, ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

1879 मध्ये गिल वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

मित्राला एवढंच म्हटलं, की गिलनं कॅमेरा शिकायला आधीचं काम सोडलं नव्हतं. अन् फोटोच्या अनेक प्रती निघाल्या, म्हणून ते टिकले. त्यानं अजून राजीनामा दिलेला नाही. या रविवारी मात्र आम्ही दोघं लोणारला चाललोय, दोन मेमरी कार्डं घेऊन.