तेरा जण, एक तार आणि प्रोफेसर बिल्गर

परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा एक छोटा भेटला. असेल चार-पाच वर्षांचा. कानामागे यंत्र, त्यातून निघालेली बारीक वायर आणि कानाच्या जरा वर, थेट डोक्याला चिकटलेलं दहाच्या नाण्याएवढं काहीतरी. मी टक लावून बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. "हे मॅग्नेटनी चिकटतं काका!" म्हणून त्यानं ते काढून पुन्हा लावून दाखवलं. आई ओरडली, "सारखं काढू नको रे." (काका हा शब्द मी अजून पचवतोय, पण ते असो.)

घरी आल्यावर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल वाचायला बसलो आणि अख्खा शनिवार त्यात गेला. ह्या यंत्राची गोष्ट बहुतेक ठिकाणी सर्जनपासून सुरू होते आणि इंजिनिअरपाशी संपते. मला मात्र मधेच एक तिसरा माणूस सापडला. त्यानं यंत्र बनवलं नाही, कुणाला बसवलंही नाही. त्यानं फक्त ते तपासलं. मी स्वतः नोकरीची पहिली अडीच वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेली आहेत, डेव्हलपर मंडळी वेगळ्या टेबलावर डबा खायची त्या काळात. तेव्हा माझं प्रेम कुठं जडणार हे उघड आहे.

रॉबर्ट बिल्गर हे त्याचं नाव. श्रवणशास्त्राचा प्राध्यापक.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस ह्या दोघांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणनसेला विजेची तार लावली. त्याला आवाजाची चाहूल लागली, ठेका कळला. पण यंत्र काही टिकलं नाही आणि पुढे त्या दोघांची मैत्रीही टिकली नाही. ह्या प्रयोगाची बातमी लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊसला त्याच्या एका पेशंटनं आणून दिली. हाऊस मुळात दंतवैद्य, नंतर कानाचा सर्जन झालेला. त्यानं १९६१ मध्ये पहिले प्रयत्न केले. शरीरानं ती यंत्रं स्वीकारली नाहीत, काढून टाकावी लागली. मग जॅक अर्बन ह्या इंजिनिअरबरोबर तो पुन्हा कामाला लागला आणि १९७२ पर्यंत पेशंटला घरी नेता येईल असं यंत्र तयार झालं. सॅन फ्रान्सिस्कोत रॉबिन मायकेल्सनही त्याच मार्गावर होता.

ह्या सगळ्यात एकच तार, म्हणजे एकच चॅनेल. कानाची गंमत अशी की कॉक्लिया हा जो शंखासारखा वेटोळा भाग असतो, त्यात बारीक आवाज एका टोकाला आणि जाड आवाज दुसऱ्या टोकाला असे वाटले जातात, आणि तिथून मेंदूकडे सुमारे ३०,००० तंतू जातात. हाऊस मात्र माईकमधल्या आवाजाचा चढउतार १६ किलोहर्ट्झच्या कॅरियरवर चढवून एका तारेतून आत सोडत होता. मिडियम वेव्हवर रेडिओ लागतो ना, तेच तंत्र. ३०,००० तंतूंच्या जागी एक!

साहजिकच बॉस्टनच्या नेल्सन कियांगसारखे शरीरशास्त्रज्ञ म्हणायचे, ह्यातून बोलणं कसं कळणार? त्यांचं गणित पक्कं होतं. समोरून हाऊस म्हणायचा, माझे पेशंट खूश आहेत, त्यांना विचारा.

तर हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे. एकीकडे थिअरी, दुसरीकडे "क्लायंट खूश आहे". आणि खूश असणं म्हणजे काय? आधी पूर्ण बहिरा, मग मोठं ऑपरेशन करून घेतलेलं, ज्या डॉक्टरनं आशा दाखवली त्याच्याबद्दल कृतज्ञता. अशा माणसाला तोच डॉक्टर विचारणार, "ऐकू येतंय का?" तो काय नाही म्हणणार? दुसऱ्या बाजूला, जे कागदावर अशक्य ठरलंय ते बघायलाच न जाणं हाही अडाणीपणाच की.

१९७५ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेनं ह्यावर तोडगा काढला. त्रयस्थाकडून तपासून घ्या. काम मिळालं पिट्सबर्ग विद्यापीठाला, म्हणजे बिल्गरला. एक तारेचं यंत्र बसवलेले तेरा जण तपासायचे होते.

माणूस अगदी योग्य निवडला होता. १९५६ मध्ये त्यानं आयरा हर्शबरोबर एक आवाज दुसऱ्या आवाजाला कसा झाकून टाकतो ह्यावर काम केलं होतं. १९७३ मध्ये मॅरिलिन वँगबरोबर त्यानं अभ्यासलं की गोंगाटात माणसं कोणत्या व्यंजनाच्या जागी कोणतं ऐकतात. किती चुका झाल्या एवढंच मोजून तो थांबत नव्हता, चुकांची जात बघत होता. 'प' चा 'ब' ऐकू आला तर कुठली माहिती हरवली? 'प' चा 'क' झाला तर कुठली? आमच्या भाषेत सांगायचं तर बग काउंट देऊन गप्प न बसता रूट कॉज शोधणारा टेस्टर.

त्याच्या टीमनं त्या तेरा जणांची ऐकण्याची, ओठ वाचण्याची, स्वतःच्या बोलण्याची, शरीराच्या तोलाची आणि मनःस्थितीचीसुद्धा तपासणी केली. आणि मुख्य म्हणजे त्याच माणसाची यंत्र चालू असताना आणि यंत्र बंद असताना तुलना केली. त्यामुळे कुणाच्या आठवणीवर किंवा उपकारांवर काही अवलंबून राहिलं नाही. १९७७ मध्ये पावणेदोनशे पानांचा अहवाल छापून आला.

निकाल काय? नुसत्या यंत्रावर बोलणं समजत नाही. स्पष्ट नाही. कियांग मंडळींचं बरोबर होतं. पण यंत्र चालू केलं की ओठ वाचण्यातले गुण वाढतात, आजूबाजूचे आवाज जास्त ओळखता येतात, स्वतःचं बोलणं सुधारतं आणि जगणं सुसह्य होतं. म्हणजे हाऊसचंही बरोबर होतं.

हे वाचून मी जरा थांबलो. एका तारेनं ओठ वाचायला मदत का व्हावी? आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पार, बार, मार. तिन्हीला ओठ तसेच मिटतात. बघणाऱ्याला फरक कळायचा नाही, कारण तो फरक घशात आणि नाकात आहे. कंप कधी सुरू झाला, आवाजाचा जोर कसा चढला-उतरला, हे मात्र वेळेचं गणित आहे, आणि ते एका तारेतूनही बऱ्यापैकी जातं. उलट 'प' की 'त' की 'क' हे ओळखायला स्वरांची बारीक विभागणी लागते. ती एका तारेला जमत नाही, पण पहिलं ओठांवर उघड दिसतं. थोडक्यात, जे डोळ्यांना दिसत नाही नेमकं तेच ह्या भंगार चॅनेलमधून मिळत होतं. मला तर हे भन्नाट वाटलं.

अहवाल गुळमुळीत वाटेल कुणाला. यशाचा झेंडा नाही की फाशी नाही. पण म्हणूनच तो चालला असं माझं मत. नुसती स्तुती असती तर शास्त्रज्ञांनी कचऱ्यात टाकला असता. नुसतं "बोलणं समजत नाही" एवढंच लिहिलं असतं (आणि तेही खोटं नव्हतं!) तर पैसा आटला असता आणि सगळं तिथंच गुंडाळलं गेलं असतं. बिल्गरनं काय होतं आणि काय होत नाही, दोन्ही लिहून दिलं. त्यामुळे वाद 'करावं की नाही' ह्यावरून 'एक तार पुरत नाही, तर किती?' ह्यावर सरकला. हा प्रश्न इंजिनिअरांना सोडवता येण्यासारखा होता. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅमी क्लार्कनं अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. हाऊसच्या एक तारेच्या यंत्राला अमेरिकेत १९८४ मध्ये मान्यता मिळाली, क्लार्कच्या बावीस इलेक्ट्रोडवाल्याला १९८५ मध्ये, आणि त्यानंतर एक तार मागे पडत गेली. डिसेंबर २०१९ पर्यंत जगभरात सुमारे ७ लाख ३६ हजार यंत्रं बसवली गेली होती. २०१३ चं लास्कर पारितोषिक मिळालं क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि ब्लेक विल्सन ह्यांना. तिघेही बनवणारे. तपासणाऱ्यांना पारितोषिकं मिळत नसतात, हे मी अडीच वर्षांत शिकलोच होतो.

बिल्गर नंतर इलिनॉय विद्यापीठात गेला आणि तिथं काय केलं? तर परीक्षेचीच परीक्षा घेतली. गोंगाटात बोलणं किती समजतं ह्याची एक चाचणी होती. मागे बारा माणसांचा कलकलाट आणि पुढे एक वाक्य, शेवटचा शब्द ओळखायचा. अर्ध्या वाक्यांत तो अंदाजानं कळतो, अर्ध्यांत नाही. मराठीत समजा "पाऊस आला म्हणून त्यानं उघडली छत्री" आणि "तिला आठवली ती छत्री". अशा पन्नास-पन्नास वाक्यांच्या दहा याद्या. बिल्गरनं विचारलं, ह्या याद्या सारख्याच अवघड आहेत का? नसतील तर पेशंट सुधारला की यादी सोपी होती, हे कसं कळणार? १९८४ मध्ये सुधारलेली चाचणी आली, त्यात दहाच्या आठ याद्या उरल्या.

काल लिफ्टमध्ये तो छोटा पुन्हा भेटला. आईनं हात घट्ट धरला होता. कुठं निघालात विचारलं तर म्हणाल्या, मॅपिंगला. म्हणजे कंपनीप्रमाणे बारा ते बावीस इलेक्ट्रोड असतात, त्या प्रत्येकाला किती वीज दिली की जेमतेम ऐकू येतं आणि किती दिली की आवाज सहन होणार नाही, हे ऑडिऑलॉजिस्ट एकेक करून बघते.

"मॅडम टुक् टुक् करतात," छोटा म्हणाला, "आणि मग मी डब्यात ठोकळा टाकतो. ऐकू आलं तरच टाकायचा!"