एक चिक्कू, दुसरा उधळ्या : नवरा-बायकोची पैशांवरून भांडणं नेमकी कशामुळं होतात?

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो. एकाच्या डोक्यात लगेच होमलोनमध्ये जादा हप्ता भरायचा हिशोब सुरू होतो, दुसऱ्याच्या डोक्यात दिवाळीच्या सुट्टीतली कोकण ट्रिप. घर एकच, पैसे तेवढेच, आणि दोघांनाही मनातून वाटत असतं की समोरच्याला पैशाची अक्कल नाही.

गंमत अशी की हे भांडण बहुतेक वेळा रकमेचं नसतंच. बाराशे रुपयांच्या चपलेवरून दोन दिवस अबोला धरणारं जोडपं चाळीस लाखांच्या कर्जावर एका दुपारी सह्या करून मोकळं होतं. वाद असतो तो पैसा कशासाठी असतो यावर. कुणासाठी तो आजारपणाच्या वेळचा आधार, कुणासाठी मोकळीक, कुणासाठी पाहुण्यांतली इज्जत, तर कुणासाठी आईवडिलांचं फेडायचं देणं.

काटकसर वेगळी, चिक्कूपणा वेगळा

आपण हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरतो. संशोधक मात्र त्यांत फरक करतात. अमेरिकेतल्या स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी २००८ मध्ये १३ हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास छापला. त्यांच्या मांडणीत काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद मिळतो. चिक्कू माणसाला मात्र पैसे देताना त्रास होतो, खिशात भरपूर असले तरी होतो. त्यामुळं कधीकधी स्वतःला हवी असलेली, परवडणारी वस्तूही तो घेत नाही आणि नंतर हळहळतो. उधळ्याचं उलट असतं. देताना जी टोचणी लागायला हवी ती त्याला लागत नाही, लागते ती महिनाअखेरीला. या पाहणीत चिक्कू लोक उधळ्यांपेक्षा जास्त निघाले, साधारण तीनास दोन.

खरी मजा पुढं आहे. रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लग्न झालेल्या लोकांकडं पाहिलं, तेव्हा चिक्कू आणि उधळे एकमेकांकडं ओढले जातात असं दिसलं. कारण ज्याला स्वतःची ही खोड आवडत नाही, त्याला समोरचा माणूस 'आपल्यात नाही ते याच्यात आहे' म्हणून भावतो. लग्नाआधी 'किती बिनधास्त आहे' वाटणारी व्यक्ती लग्नानंतर 'किती बेफिकीर आहे' वाटू लागते. हा फरक जितका जास्त, तितके पैशांवरून खटके जास्त, असंही या अभ्यासात आढळलं. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही. तिथं पत्रिका, पगार आणि फ्लॅट बघितला जातो, खर्चाची सवय कुणी विचारत नाही.

पैसा घरात कसा यायचा, हेही बघा

स्वभाव म्हणून आपण जे खपवतो, त्यातलं बरंचसं लहानपणी घरात पाहिलेलं असतं. ज्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार आणि निवृत्तीनंतर पेन्शन होती, तिथला मुलगा किंवा मुलगी पुढच्या महिन्यावर बिनधास्त भरवसा ठेवते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. अनेकांची नोकरी परत आलीच नाही. अशा घरात वाढलेला माणूस चांगला पगार असतानाही बँकेत सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असल्याशिवाय नीट झोपत नसेल, तर त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही.

शेतकरी घराचं गणित आणखी वेगळं. सोयाबीन किंवा कापूस विकला की वर्षाचे पैसे एकदम हातात येतात. उसाचं तर कायद्यानं १४ दिवसांत बिल मिळायला हवं, पण ते अनेकदा हप्त्याहप्त्यानं येतं. मग पैसे आले की आधी उधारी मिटवायची, लग्नकार्य उरकायचं, सोनं करून ठेवायचं, आणि उरलेलं वर्ष हात आखडून काढायचं. या घरातली मुलगी पुण्यात आयटीवाल्या घरात गेली आणि बोनस आल्या आल्या सोनाराकडं निघाली, की नवऱ्याला ती हौस वाटते. तिच्या दृष्टीनं ती सावधगिरी असते. सोनं रात्री-अपरात्री मोडता येतं, एसआयपी तिच्या आईनं कधी पाहिलेली नसते.

डाळीच्या डब्यातले पैसे

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनं घराघरातलं एक गुपित उघडं पाडलं. बायकांनी घरखर्चातून वाचवून डब्यात, साड्यांच्या घड्यांत ठेवलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा नवऱ्यासमोर काढाव्या लागल्या. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंतची अशी बचत खात्यात भरली तर विचारणा होणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं.

याला फसवणूक म्हणायचं का? घाईनं 'हो' म्हणू नका. ज्या बाईच्या नावावर पगार नाही, खातं नाही, भावाच्या मुलीला शंभर रुपये द्यायचे तरी विचारावं लागतं, तिच्यासाठी तो डबा म्हणजे एकमेव स्वतःचा पैसा. भिशी याच गरजेतून चालते. पण दोघंही कमावते असताना लपवलेलं क्रेडिट कार्ड, मित्राला न सांगता दिलेले दोन लाख, शेअर बाजारातल्या 'ऑप्शन'मध्ये बुडालेली रक्कम, हे वेगळं प्रकरण आहे. डब्यातली रक्कम उघड झाल्यावर घराचा फायदाच होतो. लपवलेलं कर्ज उघड झाल्यावर हप्ता दोघांच्या बोकांडी बसतो.

खातं एकत्र की वेगळं?

२३० अमेरिकी जोडप्यांवर झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातली जोडपी लग्न ठरलेली किंवा नवविवाहित होती. काहींना एकत्र खातं वापरायला सांगितलं, काहींना वेगळं, काहींना काहीच सांगितलं नाही. दोन वर्षांनी एकत्र खातंवाल्यांचं नात्यातलं समाधान टिकून होतं, बाकीच्यांचं घसरलं होतं.

म्हणून उद्याच बँकेत पळू नका. आपल्याकडं त्या एकत्र खात्यात दीर, सासरे, गावाकडचं बांधकाम असं सगळंच येतं. कमावत्या जोडप्यांत दिसणारी एक व्यवहारी पद्धत अशी : भाडं, किराणा, शाळेची फी यासाठी एक एकत्र खातं, त्यात दोघांनी पगाराच्या प्रमाणात पैसे टाकायचे, आणि उरलेले आपापल्या खात्यात. एकाला ९० हजार आणि दुसऱ्याला ३० हजार मिळत असतील, तर 'निम्मं-निम्मं' ऐकायला बरोबर वाटतं, पण घरखर्च ४० हजार असला तर दुसऱ्याकडं फक्त १० हजार उरतात. प्रमाणात वाटलं तर पहिल्यानं ३० आणि दुसऱ्यानं १० टाकायचे.

दोघांच्याही माहेरी-घरी जाणाऱ्या पैशाचा आकडा मात्र आधीच ठरवा. सगळ्यात जास्त कुढणं याच खर्चावरून होतं. नवऱ्यानं आईवडिलांना दिलेले पैसे कर्तव्य आणि बायकोनं दिलेले 'माहेरची भर', हा न्याय कुठल्याच हिशोबात बसत नाही.

हा स्वभाव नाही, हा ताबा आहे

इथं एक रेघ ओढावी लागते. खर्चाला कुरकुरणारा जोडीदार आणि तुमचं एटीएम कार्ड स्वतःकडं ठेवणारा जोडीदार हे एकाच माळेचे मणी नाहीत. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने विकून टाकणं, या गोष्टी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार 'आर्थिक छळ' ठरू शकतात. अशा वेळी संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो.

स्त्रीधनाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की ती पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे, नवरा-बायकोची सामाईक नव्हे. अडचणीत नवरा ती वापरू शकतो, पण परत करणं त्याला बंधनकारक आहे. 'सांभाळायला म्हणून सासूबाईंच्या लॉकरमध्ये' ठेवलेल्या दागिन्यांची यादी आणि पावत्या म्हणूनच स्वतःकडं हव्यात.

पासबुक कुठं आहे?

स्वभाव जुळोत न जुळोत, काही माहिती दोघांकडंही असायलाच हवी : कोणत्या बँकेत किती खाती, विमा कुठला, कर्ज कुणाचं, कुणाला जामीन राहिलोय आणि नॉमिनी कोण. लग्नाआधी काढलेल्या खात्यांवर आईचं किंवा भावाचं नाव नॉमिनी म्हणून तसंच राहिलेलं असतं. बँक खात्याचा नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा असतो, पण तो मिळवायला कागद आणि चकरा लागतात. विसरलेली खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलंय. खातेदाराचं नाव आणि पॅनसारखी एखादी ओळख टाकली की त्यात सामील बँकांमधल्या दावा न केलेल्या ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. पैसे काढायला मात्र त्या त्या बँकेच्या शाखेतच जावं लागतं.