वायरिंग वाचणारी माणसं

गाडीची जळालेली वायरिंग पुन्हा उभी करणाऱ्या रस्त्याकडेच्या इलेक्ट्रिशियनला ‘जुगाडू’ म्हणून आपण मोकळे होतो. हा शब्द त्या धंद्यावर अन्याय करतो. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आपल्याकडे धावणाऱ्या मोटारींची अंतर्गत रचना पाहिली, की हे काम अंदाजपंचे चालूच शकत नव्हतं हे कळतं. त्या तारांना एक लिपी होती आणि ती वाचणारा माणूसच तिथे टिकत होता.

अँबेसेडरचंच पाहा. १९५७ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्यात तयार होऊ लागलेली ही गाडी मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या घराण्याची वायरिंग म्हणजे लुकास कंपनीची रंगपद्धत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशन चालू केल्यावर फ्यूजमधून पुढे जाणारी, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगच्या दिव्यांची, काळी अर्थची. निळीवर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. धूळ आणि ऑइलने माखलेल्या तारेवरची ती बारीक रेघ ओळखणं हेच निम्मं काम. बरं, एक लिपी शिकून भागत नसे. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, आणि टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) जर्मन डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ पासून ट्रक काढायला सुरुवात केली होती. एका घराण्यात ज्या रंगाची तार थेट बॅटरीची, त्याच रंगाची तार दुसऱ्या घराण्यात अर्थची. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचं धन टोकच बॉडीला जोडलेलं असे. गाडी कोणत्या घराण्याची हे न ओळखता तारेला हात घालणारा माणूस एका दिवसात गिऱ्हाईक गमावून बसला असता.

बिघाड व्हायचे तेही रचनेतूनच. मोटारीत दिव्याकडे एकच तार जाते, परतीची वाट म्हणजे गाडीचं पत्र्याचं अंग. त्यामुळे तारेचं आवरण जिथे घासेल तिथे शॉर्ट ठरलेलाच. जुन्या तारांना रबराचं आवरण आणि वर सुती वीण असे. इंजिनाच्या उष्णतेने ते रबर कडक होऊन तडकायचं. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याला तारांसाठी भोक असतं. तिथली रबरी बांगडी गळून पडली की पत्र्याची धार थेट तारेवर येई. त्यात ब्रिटिश गाड्यांना बहुधा दोनच फ्यूज, आणि इग्निशन व हेडलाइट यांना एकही नाही. साहजिकच एक तार तापली की शेजारच्या चार तारांचं आवरण वितळून अख्खा जुडगा काळा होई. दुरुस्ती करणारा तो जुडगा उकलायचा, तांबं चकचकीत लागेपर्यंत तार कापत जायचा, त्याच जाडीची नवी तार डाख देऊन जोडायचा, वर स्लीव्ह आणि टेप. एक टोक बॉडीला लावलेला साधा बल्ब हे त्याचं तपासणीचं हत्यार. करंट कुठपर्यंत पोहोचतो आणि कुठे थांबतो हे तो बल्ब सांगे.

यावर आक्षेप निघेल, की फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणारे आणि नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणारेही याच धंद्यात होते आणि त्यांच्यामुळे गाड्या पेटल्या. खरं आहे, आणि त्याची सफाई देण्याचं कारण नाही. पण सैल जोड तापतो, बारीक तार जास्त भार सोसत नाही, हे चांगल्या कारागिराला ठाऊक होतं म्हणूनच तो डाख देत होता. वाईट कामावरून धंद्याची ओळख ठरवायची तर कोणताच धंदा उरणार नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: ती विद्या आता कालबाह्य झाली. १९८६ साली बॉशने कॅन ही पद्धत जाहीर केली. पिळलेल्या दोन तारांवरून गाडीतले संगणक एकमेकांशी बोलू लागले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचं मानक लागू झालं आणि स्कूटरलाही सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, आले. तिथे जुना बल्ब लावला तर नाजूक सर्किट जळू शकतं. मात्र पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेला उंदीर आजही तारच कुरतडतो, आणि आजही कोणती तार कुठे जाते हेच आधी वाचावं लागतं. कॅनच्या दोन तारांमध्ये, बॅटरी सोडवून, मीटरवर सुमारे ६० ओहम दिसले तर दोन्ही टोकं शाबूत, १२० दिसले तर वाटेत कुठेतरी तार किंवा कपलर तुटलाय, हे रस्त्यावरचा माणूसही शिकू शकतो. विद्या मेलेली नाही. नकाशा त्याच्या हातातून गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मॉरिसच्या जमान्यात मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत वायरिंगचा नकाशा रंगांच्या खुणांसह छापलेला असे. आजच्या गाडीबरोबरही तो मिळाला पाहिजे, आणि गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो मागितला पाहिजे.