घर आणि मोटार : मालकीचा इतिहास व वाचनाचा प्रश्न

आधुनिक भारतीय कथनसाहित्यात मोटार दिसली की तिला मध्यमवर्गीय जीवनाचे चिन्ह मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. परंतु हे चिन्ह कोणत्या दशकातील आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

परवानापद्धतीच्या काळात मोटारीचे उत्पादन मुख्यतः दोन ठिकाणी एकवटले होते. उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसडर तयार होई, तर मुंबईत कुर्ल्याला फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. पैसे असूनही ग्राहकाला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या काळी गाडी ‘मिळत’ असे. ती ‘घेतली’ जाणे नंतरचे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला, आणि पुढे बँकांच्या कर्जामुळे प्रतीक्षेची जागा मासिक हप्त्याने घेतली. क्रियापदातील हा बदल आर्थिक धोरणाचाच भाषिक अवशेष होय.

मात्र या बदलाची व्याप्ती किती? २००१ च्या जनगणनेत कुटुंबांकडील वस्तूंची नोंद प्रथमच झाली. तेव्हा मोटार, जीप वा व्हॅन असलेली कुटुंबे २.५ टक्के होती. २०११ मध्ये ४.७ टक्के. त्याच दशकात दुचाकी असलेली कुटुंबे ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेली, तर सायकल २०११ मध्येही सुमारे ४५ टक्के घरांत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीतही मोटारीचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपासच आढळते. याच फेरीत गोव्यातील प्रमाण मात्र ४५ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे ‘भारतीय मध्यमवर्ग’ हे एकवचनही तपासून घ्यावे लागते.

स्कूटरवर दाटीने बसलेल्या कुटुंबासाठी कल्पिलेली नॅनो २००८ मध्ये जाहीर झाली, २००९ मध्ये बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेक. त्यांपैकी ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख साहित्याच्या अभ्यासकाला विशेष बोलकी वाटावी. मोटारीकडून केवळ वाहतुकीची नव्हे, प्रतिष्ठेचीही अपेक्षा होती.

तात्पर्य, १९६० च्या कादंबरीतील मोटार आणि २००० नंतरच्या कादंबरीतील मोटार ही एकच वस्तू नव्हे. पहिलीला तिची दुर्मिळता परत द्यावी लागते. दुसरी वाचताना, मोटार नसलेली नव्वद टक्क्यांहून अधिक घरे कथनाबाहेर राहिली काय, हे विचारावे लागते.