यकृतातली साखर आणि वाशिमपर्यंत पोचलेली गोळी

उपाशीपोटी तपासलेल्या रक्तातली साखर मुख्यतः यकृतातून आलेली असते. जेवण पचून गेले की यकृत साठवलेले ग्लायकोजेन मोडते आणि लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोज घडवते. टाइप 2 मधुमेहात इन्शुलिनचा लगाम सैल पडतो आणि गरज नसतानाही ही निर्मिती चालू राहते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीचा मुख्य प्रभाव येथेच पडतो.

या औषधाचे मूळ युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत आहे. तिच्यातील गॅलेजिन हे द्रव्य साखर उतरवते, पण ते विषारी ठरले. त्याच रासायनिक कुळातले मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनच्या वर्नर आणि बेल यांनी तयार केले. रुग्णांवरील त्याचा उपयोग फ्रान्सच्या झाँ स्टेर्न यांनी 1957 मध्ये मांडला. त्याच सुमारास आलेले फेनफॉर्मिन अधिक जोरकस होते. त्यामुळे यकृताकडून लॅक्टेटचा वापर इतका रोखला जाई, की रक्तात आम्ल साचून रुग्ण दगावत. अमेरिकेने ते 1970 च्या दशकात काढून घेतले. भारतात 2003 मध्ये त्यावर बंदी आली. या भावंडामुळे मेटफॉर्मिनकडेही संशयाने पाहिले गेले आणि अमेरिकेत त्याला उशिरा, 1994 मध्ये परवानगी मिळाली. 1998 च्या ब्रिटिश अभ्यासाने मात्र वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मेटफॉर्मिनमुळे मधुमेहाशी संबंधित मृत्यू 42 टक्क्यांनी घटल्याचे दाखवले.

गोळी उपयोगी आहे हे आधी कळले, कशी ते नंतर. ओसीटी 1 या वाहक प्रथिनाच्या साह्याने औषध यकृतपेशीत शिरते. ते तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियांतील) ऊर्जानिर्मिती मंदावते, हे 2000 मध्ये दिसून आले. पेशीत एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू घटतो, तो खर्ची पडल्यावर उरणारे एएमपी वाढते आणि ग्लुकोज घडवणाऱ्या विकरांना आळा बसतो. पेशीतली ऊर्जेची टंचाई ओळखणाऱ्या एएमपीके या विकराचा सहभाग 2001 मध्ये पुढे आला. त्याच्याविनाही परिणाम होतो, हे 2010 मध्ये उंदरांवर सिद्ध झाले. नेमका कोणता मार्ग प्रमुख, यावर संशोधन चालू आहे.

पण गोळी देण्याआधी आजार सापडायला हवा. त्यासाठी 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाच्या पहिल्या 100 जिल्ह्यांत, 1998 मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिमचा समावेश होता. तिशी ओलांडलेल्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासणे, हा त्याचा पाया. मधुमेह आढळून मेटफॉर्मिन सुरू झाले, की आणखी एक तपासणी लागते. हे औषध न बदलता मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाची तपासणी या उपचाराचा अविभाज्य भाग आहे.