कोस, तास आणि आकाशमार्ग



नकाशावर दोरा ताणून दोन शहरांमधील अंतर काढण्याचा पाठ मी कित्येक वर्षे मुलांना दिला. दोऱ्याचे उत्तर सहसा चुकत नसे. परंतु एखाद्या मुलाने ‘गुरुजी, पोचायला किती दिवस लागतील?’ असे विचारले, की दोरा निरुत्तर होई. त्या प्रश्नाचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

सुरत आणि आग्रा यांमधील अंतर आकाशमार्गे सुमारे 850 किलोमीटर भरते. ताशी 600 किलोमीटर वेगाच्या विमानास ते कापावयास दीड तासही नको. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने मात्र बऱ्हाणपुरावरून जाणारा हा मार्ग 339 कोसांचा सांगितला असून प्रवासास 35 ते 40 दिवस लागत, असे नमूद केले आहे. त्यांपैकी सुरत ते बऱ्हाणपूर 132 कोस. आपले नवापूर व नंदुरबार ही याच वाटेवरील ठाणी होत. सर टॉमस रो या इंग्रज वकिलास 1615 साली सुरतेहून बऱ्हाणपुरास पोचण्यास सुमारे पंधरवडा लागला.

कोस कितीही असोत, खरा हिशेब मुक्कामांचा असे. बैलांना चारा हवा, माणसांना पाणी व शिधा हवा. या संथपणातच वाटेवरच्या गावांचे भाग्य होते. नवापूरच्या बारीक तांदळास कस्तुरीचा वास येतो, हे ताव्हेर्नियेस कळले, कारण त्यास तेथे थांबावे लागले!

पुढे 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे झाली आणि सुरत–नंदुरबार हा कित्येक मजलांचा प्रवास काही तासांवर आला. नंतर 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन सकाळी उड्डाण केले व अहमदाबादेस थांबून दुपारी ते मुंबईस जुहूला उतरले. गंमत अशी, की अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. नव्या युगाची निकड जुन्या युगाने भागविली!

आज विमाने आपल्या डोक्यावरून जातात. मुक्काम मात्र करीत नाहीत. 1998 साली स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार व धडगाव यांमधील अंतर सरळ रेषेत सुमारे 50 किलोमीटरच आहे. परंतु मध्ये तापी आहे, सातपुडा आहे, घाटांची वळणे आहेत. डोंगरातल्या पाड्यावर आजारी माणसास झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणणाऱ्यास विचारा. तो अंतर किलोमीटरांत सांगणार नाही, ‘पोचेपर्यंत उजाडले’ असे सांगेल.

म्हणून माझे मत असे, की देशाची प्रगती दोन महानगरांमधील तासांवरून मोजू नये. सर्वांत दूरच्या पाड्यावरून दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो, तेच आपले खरे अंतर होय.